नालीचा उतार

साकोलीच्या बाहेर धानाची शेतं, इकडच्या बांध्या, मोडून एक लेआउट पडला. त्याचं लेव्हलिंग, म्हणजे चढउताराची मोजणी, मी केली होती. एकटीच्या भरवशावर मिळालेलं माझं ते पहिलं काम. नऊ मीटरचे रस्ते, मुलांसाठी सोडलेली मोकळी जागा, रस्त्याच्या कडेनं सिमेंटची नाली आणि त्या नालीचं पाणी शेवटी शेतापलीकडच्या ओढ्यात. नकाशा मंजूर झाला तेव्हा त्यावरच्या स्वतःच्या सहीकडे मी कितीदा पाहिलं असेल!

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी त्याच लेआउटमध्ये खालच्या कोपऱ्यातला प्लॉट घेतला. "माह्या पोरीनं मोजलेली जागा आहे," असं ते भेटेल त्याला सांगत. शेजारच्या प्लॉटवर शाळेतल्या एक मॅडम घर बांधायला लागल्या होत्या. जोतं रस्त्यापासून किती वर घ्यायचं, हे त्यांनी मलाच विचारलं होतं. मी सांगितलं तेवढंच त्यांनी घेतलं.

नाली जवळपास बांधून झाली होती. ओढ्याला जोडायचा शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता, कारण तो एका शेतकरी मावशीच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, जायचा होता आणि तिचं धान अजून उभं होतं. कापणी झाल्यावर मी जागा दाखवायला गेले. मावशी विळा कमरेला खोचून धुऱ्यावर उभी होती. तिनं आधी नालीत वाकून पाहिलं, मग ओढ्याकडे.

"मॅडम, तुमची नाली तं खाली दिसून राहिली, अन् नाला वर. पानी का चढून जाईल का?"

मी हसले. म्हणाले, "मावशी, डोळ्यांना तसं वाटते. मी मशीननं मोजलं आहे."

"असन बाप्पा," ती म्हणाली आणि भारे बांधायला गेली.

घरी येऊन जेवायला बसले, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. मशीन चुकत नाही, पण वाचणारी चुकू शकते. दुसऱ्या दिवशी मी कोणालाही न सांगता लेव्हलची दुर्बीण काढली आणि बाबांना सोबत घेतलं. त्यांनी पायजमा वर खोचला, ओढ्यात उतरले आणि मोजपट्टीची लांब काठी धरून उभे राहिले.

"सरळ धरलो का?"

"हो बाबा, हलू नका."

दुर्बिणीतून आकडा स्पष्ट दिसत होता. एक पस्तीस. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, एक पंच्याऐंशी लिहिलं होतं. मी डोळा बाजूला घेतला, पुसला, पुन्हा लावला. एक पस्तीस. काठीवरचा आकडा जितका कमी, तितकी जागा उंच; म्हणजे ओढ्याचा तळ मी समजत होते त्यापेक्षा अर्धा मीटर वर होता. नालीतलं पाणी ओढ्यात जाणारच नव्हतं. पावसात ते खालच्या कोपऱ्यात साचणार होतं आणि ओढा भरला की तिथूनच उलटं आत येणार होतं.

"काय आलं?" बाबांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

पुढचे तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. जरा आभाळ भरून आलं की मी दारात येऊन बघायची. मॅडमच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. मी त्या रस्त्यानं जाणंच टाळलं. फोन वाजला की वाटायचं, कळलं वाटतं कोणाला. चौथ्या दिवशी सकाळी बाबा चहा घेत होते, तेव्हा मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "मले त्या दिवशीच समजलं होतं. तुहा चेहरा उतरला होता."

"मग बोलले काहून नाही?"

"तू सांगशीन म्हणून थांबलो." त्यांनी कप खाली ठेवला. "आपला प्लॉट राहू दे. ते मॅडम घर बांधून राहिली, तिले आजच सांग."

मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि तेच मला सहन होईना. त्यांनी फक्त मिस्त्रीला हाक मारून काम थांबवायला सांगितलं. लेआउटचा मालक मात्र भडकला. "तीन महिने झाले नाली बांधून, अन् आता सांगून राहिल्या? कोनाले दिसते ते? पानी मुरते जमिनीत." मी म्हणाले, धानाच्या जमिनीत पाणी मुरत नाही, म्हणूनच तिथं धान होते. त्यावर त्यानं मला बाहेरचा रस्ता दाखवला.

मी सुधारलेले आकडे कागदावर मांडले, चूक माझी आहे असं लिहिलं आणि भंडाऱ्याला नगररचनेच्या ऑफिसात नेऊन दिलं. एसटीत पूर्ण वेळ कागद मांडीवर घट्ट धरून बसले होते. आता आपल्याला कोणी काम देणार नाही, हेच डोक्यात. पाहणी झाली. खालची नाली फोडून वर घ्यायची आणि ओढ्याला तिथं न जोडता धुऱ्याच्या कडेनं आणखी पुढं, जिथं ओढा खोल होतो तिथं सोडायची, असं ठरलं. त्यासाठी मावशीचा लांबवर धुरा लागणार होता. मी स्वतः विचारायला गेले.

"घ्या," ती म्हणाली. "नाही तं तुमचं पानी माह्याच बांधीत येईन. पन आता बरोबर मोजा."

मालकानं पुढचं काम दुसऱ्याला दिलं. नवीन नालीला उतार कमी मिळाला, नियमाच्या अगदी काठावरचा. मॅडमनी खोल्यांची जमीन भरून वर घेतली, त्यामुळे खिडक्या बुटक्या दिसतात.

पावसाळ्यात चांगली झड लागली तेव्हा मी छत्री घेऊन गेले. नालीतलं पाणी हळूहळू, पण ओढ्याकडेच जात होतं. बाबांच्या रिकाम्या प्लॉटवर घोट्याइतकं साचलं होतं. मॅडमनी आत बोलावलं, चहा दिला. शाळेच्या गोष्टी केल्या, नालीचं नावही काढलं नाही. स्वयंपाकघरात मात्र तांदळाच्या कोठ्या दोन-दोन विटांवर चढवून ठेवलेल्या दिसल्या. काहून, ते मी विचारलं नाही.