बायको उचलून पळायची शर्यत

आई गेली, आठ दिवस झाले, तरी मी रडले नव्हते. सटाण्याहून आलेली आत्या रोज सकाळी माझे डोळे निरखायची. "रडून घे गं पोरी, लय साठवू नये," म्हणायची. साठवायला काही असतं तर ना! भेटायला येणाऱ्यांना मी चहा देत होते, आईच्या शेवटच्या दिवसांची तीच तीच हकीकत पाठ केल्यासारखी सांगत होते. पप्पा तर मूग गिळून बसलेले.

सुतकात टीव्ही लावायचा नाही, असं आत्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण झोप आम्हा दोघांनाही नव्हती. आत्या घोरायला लागली की पप्पा हॉलमध्ये येऊन आवाज पूर्ण बंद करून टीव्ही लावायचे आणि मी शेजारी जाऊन बसायचे. त्या वेळी युरोपातल्या विक्षिप्त लोकांवरचा एक कार्यक्रम लागायचा. कुणी उतारावरून गडगडणाऱ्या चीजच्या गोळ्यामागे धावतंय, कुणी चिखलाच्या चरातून पोहतंय. चांगली शिकली-सवरलेली माणसं! एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा नुसती बघायचे.

आठव्या रात्री नवरे बायकांना पाठीवर उलट्या टाकून पळत होते. बायकांची डोकी खाली, पाय नवऱ्याच्या गळ्यात.

"यात काय नवल?" पप्पा अचानक बोलले. "जेजुरीला नवा नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतोच की."

"तुम्ही उचललं होतं आईला?"

"नाही. मित्र बरोबर होते, लाजलो. कंबर दुखते म्हणून सांगितलं. जन्मभर ऐकवलं तिनं."

टीव्हीवर जिंकलेल्या बाईला मोठ्या तराजूत बसवलं होतं. दुसऱ्या पारड्यात बिअरचे खोके चढत होते, तिच्या वजनाइतकं बक्षीस. लोक आनंदानं नाचत होते.

पप्पांनी टीव्ही बंद केला.

"या वर्षी रोज उचलायचो तिला, पलंगावरून बाथरूमपर्यंत," ते म्हणाले. "शेवटी शेवटी वजनच राहिलं नव्हतं गं. आणि कोण उचलतंय, हेही तिला कळत नव्हतं."

मग ते रडले. मला तेव्हाही रडू आलं नाही. देवळाली कॅम्पच्या माझ्या घरून मी वर्षभर दर रविवारी फळं घेऊन यायचे, तासभर पलंगाशेजारी खुर्चीत बसायचे आणि अंधार पडायच्या आत बस पकडायचे. मी आईला एकदाही उचललं नव्हतं.