कालोलाइनेचं रविवारचं तेल

आमच्या बेटावरच्या दवाखान्यात डॉक्टर बदलतात, कालोलाइने बदलत नाही. सव्वीस वर्षं ती वॉर्ड पुसते आहे आणि तिचं काही चुकलं असं अजून कुणी म्हटलेलं नाही. म्हणायची छातीच झाली नाही. मी शेजारच्या खोलीत जंतू मोजतो; माझ्या टेबलावर धूळ दिसली की ती मलाही झापते.

गेल्या वर्षी ऑकलंडहून सेमिसी आला. आमच्याच शाळामास्तरांचा मुलगा, पण तिकडे वाढलेला, त्यामुळे आमची भाषा तोंडात खडा धरल्यासारखी बोलायचा. बाळंतिणींचे टाके पिकण्याचं प्रमाण वाढलं होतं, म्हणून त्याने एक लेप आणला होता. त्यात चांदीचे कण, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. पलंगाच्या कठड्याला लावला की त्यावर बसलेले जंतू मरतात म्हणे. डाव्या रांगेतल्या आठ पलंगांना लेप, उजव्या रांगेला नाही. तीन आठवड्यांत डावीकडे जंतू कमी दिसले तर सगळ्या वॉर्डाला लेप, नाहीतर सेमिसीने गाशा गुंडाळायचा.

"मावशी, ब्लीच नको, घासणी नको. फक्त ओलं फडकं," त्याने बजावलं.

"तुझ्या बापाचे लंगोट मी धुतले आहेत," कालोलाइने म्हणाली. "मला फडकं शिकवतोस?"

तीन आठवड्यांनी मी मोजलं. डावीकडे जेवढे जंतू, तेवढेच उजवीकडे. सेमिसीचा चेहरा पडला. तो खोकी बांधायला लागला, तेव्हा कालोलाइने दारात येऊन उभी राहिली.

"का रे बांधाबांध?"

"चांदी चालली नाही, मावशी."

तिने पदराशी, म्हणजे आमच्याकडे बायका कमरेला गुंडाळतात त्या चटईशी, चाळा केला. मग म्हणाली, "तेल बाधतं का तुझ्या चांदीला?"

आमच्याकडे रविवारी चर्चला जाताना पोरांच्या अंगाला खोबरेल चोपडतात. कालोलाइने पलंगांनाही चोपडायची. चर्च सुटल्यावर सगळं गाव ठेवणीतले कपडे घालून आजाऱ्यांना भेटायला येतं. त्यांच्यासमोर कठडे निस्तेज दिसले तर तिची अब्रू जायची. चांदीवर तेलाचा थर, आणि थरावर जंतू खुशाल.

"तेल नको असं तू म्हणाला नव्हतास," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने सांगितलं, याचं मला आजही नवल वाटतं.

तेल बंद झालं, कठडे साबणाने धुतले, लेप पुन्हा दिला, मोजणी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या रविवारी पाद्रीबाई वॉर्डात आल्या. कठड्यावर बोट फिरवून सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "कालोलाइने, हात थकले वाटतं तुझे?"

आता भडका उडणार असं मला वाटलं. कालोलाइनेने एकदा खुद्द आरोग्यमंत्र्यांना चिखलाचे बूट काढायला लावले होते. पण ती मान खाली घालून म्हणाली, "हो बाई. वय झालं."

मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या रांगेतले जंतू उजवीच्या एक दशांशावर आले. सेमिसीने तिला मिठीच मारली.

"सोड. आता तेल लावू ना?"

"नाही, मावशी. आता सगळ्याच पलंगांना लेप. तेल कधीच नाही."

"कधीच?"

"कधीच."

तिने फडकं बादलीत टाकलं. "मग येत्या रविवारी चर्चमध्ये उभा राहा, आणि मी आळशी झालेली नाही हे तुझ्या तोंडाने सांग."

तो उभा राहिला. घामाघूम होत, अडखळत त्याने चांदी सांगितली, तेल सांगितलं, तीन रविवार कुणी काय ऐकून घेतलं तेही सांगितलं. पाद्रीबाई आपल्या हातातल्या पंख्याकडे बघत होत्या. कालोलाइने ताठ बसून समोर बघत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मी हे लिहिलंय, ते तिच्या कानावर घालू नका.