जांभळ्या केकचे राखणदार

धामणकर नाक्याजवळच्या आमच्या घरात मी केक करायला लागले, तेव्हा सगळं लक्ष केक फुगण्याकडे होतं. रंग उडतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

जानेवारीत पडघ्याच्या एका घरातून साखरपुड्याच्या केकची ऑर्डर आली. नवरीच्या आईने साडीच्या ब्लाउजपिसाचा तुकडाच हातात दिला. "ह्योच जांभला पायजे. दुसरा न्हाय चालनार."

आदल्या संध्याकाळी मी तो जांभळा हुबेहूब जमवला. सकाळी फोटो काढायला केक खिडकीत ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसले. अकराच्या सुमारास उचलायला गेले, तर उन्हाकडची बाजू चक्क निळी! मागची बाजू जांभळीच. माझा नवरा म्हणाला, "बरंय की. एक बाजू मुलीकडच्यांना, एक मुलाकडच्यांना."

मी रडायच्या बेतात. आमचा आवाज ऐकून शेजारचे चाचा आले. आयुष्यभर कापड रंगवायच्या डाईंगमध्ये रंगमास्तर होते. त्यांनी चष्मा वर करून केकभोवती एक फेरी मारली.

"लाल उड गया, भाभी. जांभळ्यात लाल आणि निळा, दोन रंग. उन्हात लाल आधी पळतो. कपड्याचं पण तसंच."

"आता काय करू, चाचा? चारला साखरपुडा आहे."

"नया माल बनाओ."

निळं क्रीम खरवडून मी नवं घोटायला घेतलं. तुकडा हातात धरून चाचा समोर बसले. रंग कांद्याच्या सालीएवढा फिकट असतानाच त्यांनी हात वर केला. "बस!"

"अहो, हा कुठे जुळतोय?"

"दोन घंटे रुको. मुरला की गडद होईल."

माझा विश्वास बसेना. त्यांची पाठ वळताच मी रंगाची बाटली उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून सरळ सदऱ्याच्या खिशात टाकली. त्या फिकट क्रीमनेच केक झाकला, फ्रिजमध्ये ठेवला, आणि दर दहा मिनिटांनी मी दार उघडून बघत होते. दोन वाजता रंग तुकड्याशी असा जुळला, की मला चाचांकडे बघायची लाज वाटली.

खोक्याला त्यांनी जाड खाकी कागद गुंडाळला. शिवाय माझ्यावर भरवसा नाही म्हणून स्वतःच रिक्षात बसले, खोकं मांडीवर घेऊन.

पडघ्याला मांडवात केकचं टेबल नेमकं उन्हात. चाचांनी ते ओढून सावलीत घेतलं, कागद सोडला आणि शेजारी खुर्ची टाकून ताठ बसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी दाढी. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाकडचे कुणी थोर. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. मानपानाची वेळ आली तेव्हा दोन्हीकडच्यांनी त्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. मी लांबून 'नको, नको' अशा खुणा करत होते. चाचांनी सगळं अदबीने घेतलं, पण केकवरची नजर हलवली नाही.

केक कापला. नवरीची आई तोंडभर हसली, तेव्हा तिचे दातही जांभळे झालेले दिसले.

परतताना रिक्षात मी विचारलं, "चाचा, सांगायचं ना, तुम्ही कोण ते!"

"किसी ने पूछा ही नहीं," दोन्ही नारळ सांभाळत ते म्हणाले. "आणि भाभी, पुढची ऑर्डर कधी आहे?"