खोबरला मासे पाठवणारे ताहिरभाई

ताहिरभाई जयगडचे. बहारीनमधल्या मनामाच्या मासळी बाजारात आम्ही एकाच अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, कामाला होतो. मी ऑफिसात, ते लाँचवर. हामूर, सुरमई बर्फात रचून समुद्रापलीकडे सौदीतल्या खोबरला पोचवायची, हे त्यांचं काम. माणूस तापट. बर्फाचा थर विरळ दिसला की खलाशांच्या सात पिढ्या उद्धरायचे.

लेक महमुदा खोबरलाच दिलेली. लाँचवाल्यांना धक्क्याबाहेर पडायला मनाई होती, म्हणून तीच नवऱ्याला घेऊन धक्क्यावर यायची. वेगळी काढून ठेवलेली सुरमई ताहिरभाई तिला द्यायचे. माहेरच्या माशाची पिशवी रिकामी परत करायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्याच पिशवीत ती तांदळाच्या भाकऱ्या घालायची. खोक्यांवर बसून बापलेक घटकाभर बोलत. तेवढ्यावर भाईंचा आठवडा निघायचा.

मग समुद्रावर पूल बांधायला घेतला आणि भाई हरखून गेले. "पूल झाला की लाँच खलास! ट्रकात बसायचं, चहाला लेकीच्या घरी!" अरबाब लाँच विकायला राजी नव्हता. त्याच्या मागे लागून लागून यांनीच त्याला ट्रक घ्यायला लावला. मी म्हटलं, "भाई, जरा दमानं." तर माझ्यावरच डाफरले.

शहाऐंशीत पूल सुरू झाला. लाँचवर खलाशाचं कार्ड चालायचं. पुलावरून जायला व्हिसा हवा. ड्रायव्हर नजीबला तो मिळाला. ताहिरभाईंचा अर्ज मात्र दर वेळी परत आला. मासे इथेच भरायचे, तर भरणाऱ्याचं तिकडे काय काम, म्हणे. तोवर लाँच विकली गेली होती. महमुदाचे दिवस भरत आलेले, तिलाही पूल ओलांडून इकडे येणं जमेना. भाईंनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं बाजार म्हणाला. मला मात्र अजून त्या पुलाचाच राग येतो.

सुरमई जातच राहिली, नजीबच्या ट्रकातून. एका दुपारी तो परतला तो ओरडतच, "भाई, मुबारक! नातू झाला! मासा द्यायला गेलो, तर महमुदानं बाळच माझ्या हातात दिलं. म्हणाली, बाबांना सांग, तुमच्यासारखाच तापट आहे."

ताहिरभाईंनी बर्फाचं फावडं खाली ठेवलं. पुढे होऊन नजीबचे दोन्ही हात धरले.

"ह्याच हातांत?"

"ह्याच."

ते हात त्यांनी डोळ्यांना लावले आणि भर बाजारात हमसून रडले. हात सोडवून घ्यायची नजीबची छाती झाली नाही.