सासऱ्यांची शेवटची निवडणूक

माझे सासरे इंग्रजांच्या काळात नागपूरच्या कायदेमंडळात दोन खेपा निवडून गेलेले. तेव्हा मताचा हक्क थोड्यांनाच होता. दिग्रसचे जिनिंगवाले, व्यापारी आणि आसपासचे पाटील एवढ्यांना भेटलं की काम व्हायचं. आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि त्यानंतरच्या निवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा मी घरातली नवी सून होते. मॅट्रिक झालेली, म्हणून बायकांशी बोलायला मला सोबत नेत.

एका बंजारा तांड्यावर एका म्हातारीनं त्यांना दारातच अडवलं.

"आमच्यासाठी काय केलं तुमी?"

"तुमच्या शाळेसाठी सरकारशी तीनदा भांडलो, माय."

"कोठी भांडले? आमाले त आयकू नाही आलं."

 सासरे भांडले होते ते खरंच. छापील अहवालांत त्यांची भाषणं होती, पण सगळी इंग्रजीत. साहेबानं दर वेळी नकार दिला, आणि ते तांड्यावर येऊन सांगावं हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

ते हरले. निवडून आला तो पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला तरुण वकील. लोक समजूत घालायला आले, तर सासरे आतल्या खोलीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण म्हातारीचा राग काही येईना.

आठवड्यानं त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, शाळेचा अर्ज लिहायचाय. माझं मराठी कोर्टातलं. तू सोपं लिही."

अर्ज घेऊन ते त्या वकिलाकडे निघाले.

"मामाजी, तुम्ही कायले जाता? त्यांनाच बोलवा ना."

"आता आमदार तो आहे. जायचं मीच."

वकिलानं उठून खुर्ची दिली आणि अर्जावर सही केली. तरी वेळ लागलाच. तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या ओसरीत पहिला वर्ग भरला तोवर महाराष्ट्र झाला होता. सासरे दर सोमवारी एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी जाऊन हजेरी बघायचे. मास्तर वैतागायचा.

"तुमचा अधिकार काय?" त्यानं एकदा विचारलंच.

"काहीच नाही," सासरे म्हणाले आणि पोरांच्या मागे बसून राहिले.

त्यांचे गुडघे गेल्यावर मी जाऊ लागले. पुढे मास्तरची बदली झाली आणि ती जागा मला मिळाली. ऑर्डर आली तेव्हा सासरे अंथरुणावरच होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि सासूबाईंना म्हणाले, "उद्यापासून हिचा डबा लवकर करत जा."