मामाच्या गाडीचा आवाज

मामाने त्याची जुनी पांढरी गाडी म्युझियमला देऊन टाकली, आणि मग दर रविवारी तिकीट काढून तिला बघायला जायला लागला. "मला कधी तिकीट काढून बघितलं नाय," मामी म्हणायची. शेवटी मामाने जाणंच कमी केलं आणि रविवारी गाडीच्या रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बसायला लागला. मग मी ठरवलं, आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबकडून त्याला म्युझियमची आजीवन मेंबरशिप मिळवायची, म्हणजे तिकीटच काढायला नको.

कळंबच्या समुद्रकिनारी सुरूच्या झाडांखाली क्लबची मीटिंग होती. अध्यक्षकाका म्हणाले, "बोल रे नकल्या, पण थोडक्यात."

भाषण मला जमत नाही. मी डोळे मिटले आणि थंडीतल्या सकाळी मामाची गाडी करायची तसा आवाज काढला. आधी खोकला, मग उचकी, मग लांब घरघर, आणि बंद. समुद्रपण थांबल्यासारखा वाटला. डोळे उघडले, तर चहाचे ग्लास हातात घेऊन काकामंडळी धक्का मारायला उठली होती. सगळ्यांनी कधी ना कधी तिला ढकललेलं.

"बसा रे," अध्यक्षकाका हळूच म्हणाले. "देऊन टाकू त्याला मेंबरशिप."

आता मामा मलाही सोबत नेतो. दोरीपलीकडे गाडी झोपल्यासारखी उभी असते. आजूबाजूला कोणी नाही बघून मामा कुजबुजतो, "चालू कर."