खांबाची सावली

दुपारी आमच्या बसथांब्यावर माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी असतात. सावली सरकली की रांगही सरकते. थांब्याला छप्पर नाही असं नाही. पक्ष्याच्या पंखासारखं उंच, तिरकं, पुरस्कार मिळालेलं छप्पर आहे. फक्त त्याची सावली रस्त्याच्या मधोमध पडते आणि तिथे कुत्रीसुद्धा बसत नाहीत.

हे छप्पर पालिकेच्या वास्तुविशारदांचं. त्यांची उभी हयात हे शहर नटवण्यात गेली. त्यांनी नाट्यगृह बांधलं. तिथे खांबाआड बसून आम्ही नाटकं नुसती ऐकली. मंडई बांधली, भाजी अजून तिच्या बाहेरच विकली जाते. प्रत्येक उद्घाटनाला त्यांनी शाल घेतली आणि ते गाडीत बसून निघून गेले. आपण बांधलेल्या जागेत थांबायची वेळ ज्याच्यावर कधी येत नाही, त्याला आपलं सगळंच सुंदर दिसतं.

काल ती वेळ आली. गाडी बंद पडली म्हणून हे निवृत्त साहेब थांब्यावर आले. त्यांनी वर छपराकडे कौतुकाने पाहिलं, घाम पुसला आणि ते रांगेत माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"छपराखाली कुणीच उभं राहत नाही," ते मला म्हणाले. "या शहराला सौंदर्याची जाणच नाही हो!"

"नाहीच," मी म्हटलं.

बसचा पत्ता नव्हता. सावली सरकली, रांग सरकली. साहेबही सरकले.